अँटिबायोटिक चालू असताना दारू: आधी पट्टीवरचं नाव वाचा

प्रश्न विचारणारे गृहस्थ नागपुरातल्या मानेवाड्याचे आहेत. बुधवारी त्यांची अक्कलदाढ काढली. दातांच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या: अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह ६२५ दिवसातून दोनदा, मेट्रोनिडाझोल ४०० तीनदा, शिवाय एक दुखण्याची आणि एक ॲसिडिटीची. रविवारी भाच्याच्या साखरपुड्याची पार्टी आहे. मित्र म्हणतो, "दोन पेगनं काही होत नाही, मी कितीदा घेतली." मावशी म्हणते, गोळीवर दारू म्हणजे विष. गृहस्थांनी स्वतःच मधला मार्ग काढला आहे: शनिवार संध्याकाळपासून गोळ्या बंद, रविवारी पार्टी, सोमवारपासून उरलेल्या गोळ्या. चालेल का, असं त्यांचं विचारणं आहे.

नाही चालणार, आणि तिघांच्या मतांत सगळ्यात वाईट मत तुमचं स्वतःचं आहे. मित्र एखाद्या वेळी नशिबाने सुटेल, मावशीने जरा जास्त घाबरवलं तरी त्यात तुमचं भलंच आहे. पण गोळ्या मधेच सोडायच्या, प्यायचं आणि पुन्हा सुरू करायच्या, यात दोन्हीकडून नुकसान. रविवारी गोळ्या चालू ठेवा आणि दारू घेऊ नका. शेवटची मेट्रोनिडाझोल रविवारी रात्री घेतली, तर तिथून तीन पूर्ण दिवस मोजा. म्हणजे बुधवारची रात्र उलटेपर्यंत काही नाही.

तीन दिवस का, ते सांगतो. मेट्रोनिडाझोल रक्तातून निम्मं व्हायला साधारण आठ तास लागतात. शनिवारी संध्याकाळी गोळी बंद केली, तर रविवारी संध्याकाळी, म्हणजे चोवीस तासांनी, आठवा हिस्सा अजून अंगात असतो. म्हणजे दारूशी भिडायला औषध शिल्लक आणि दाढेच्या खड्ड्यातल्या जंतूंना मारायला मात्र अपुरं. औषध जवळजवळ पूर्ण जायला चाळीसेक तास लागतात, आणि ज्यांचं यकृत आधीच थकलेलं आहे त्यांना त्याहून जास्त. म्हणून कोणी ४८ तास सांगतं, कोणी ७२. मी ७२ सांगतो. टिनिडाझोल असेल तर त्यात सूट नाहीच, कारण ते निम्मं व्हायलाच बारा ते चौदा तास घेतं.

आता नेमकं होतं काय. दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं. हा पदार्थ त्रासदायक आहे. चेहरा तापणं, मळमळ, डोकं ठणकणं ही त्याचीच कामं. निरोगी माणसात दुसरं एक विकर, म्हणजे एन्झाइम, लगेच पुढे येऊन त्याचं निरुपद्रवी ॲसिटेटमध्ये रूपांतर करतं. काही औषधं नेमकं हे दुसरं विकर अडवतात. मग ॲसिटाल्डिहाइड साचत जातं. हे आपल्याला कळलं ते डायसल्फिरॅम नावाच्या औषधामुळे. कोपनहेगनमध्ये हाल्ड आणि याकोब्सेन हे दोघे जंतांवरचं औषध म्हणून ते तपासत होते. त्यांनी गोळ्या स्वतःवर करून पाहिल्या आणि नंतर साधी थोडी दारू घेतली तरी आजारी पडू लागले. १९४८ मध्ये त्यांचं काम प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून डायसल्फिरॅम दारू सोडवण्यासाठी वापरलं जातं. मेट्रोनिडाझोलवर दारू घेतल्यावर जो त्रास सांगितला जातो तो याच जातीचा, म्हणून त्याला डायसल्फिरॅमसारखी प्रतिक्रिया म्हणतात.

ती दिसते कशी? पहिला पेग संपतो न संपतो तोच, पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासात, चेहरा आणि मान लाल होतात, कानशिलं धडधडतात, छातीत ठोके जाणवतात, घाम फुटतो, मग उलट्या. काहींचं ब्लडप्रेशर खाली येतं आणि उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. तरुण माणूस दोनचार तासांत सावरतो. हृदयाचा आजार असलेला, ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणारा किंवा साठीपुढचा माणूस सावरेलच असं धरून चालू नये.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण तुमचा मित्र खोटं बोलत नाही. २००२ मध्ये फिनलंडमध्ये एक नीट आखलेला प्रयोग झाला. बारा निरोगी पुरुषांपैकी काहींना मेट्रोनिडाझोल आणि काहींना नकली गोळी पाच दिवस देऊन मग दारू दिली. दोन्ही गटांत ॲसिटाल्डिहाइड सारखंच राहिलं, मेट्रोनिडाझोलवाल्यांना वेगळा त्रास झाला नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ च्या लैंगिक आजारांवरच्या मार्गदर्शनात तर मेट्रोनिडाझोलवर दारू टाळण्याची गरज नाही असंच म्हटलं. म्हणजे प्रत्येकाला हा त्रास होतोच असं नाही, आणि ज्याला होतो त्याला का होतो, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही.

तरीही मी मनाईच करतो. बारा धडधाकट तरुण म्हणजे माझ्यासमोर बसलेला रुग्ण नव्हे. तो सुजलेल्या जबड्याने दोन दिवस नीट जेवलेला नसतो, त्याला मधुमेह असतो, सोबत आणखी चार गोळ्या चालू असतात, आणि पार्टीत तो मोजून मापून पीत नाही. औषधासोबतच्या कागदावर मनाई आजही छापलेली आहे. दुसऱ्या पारड्यात काय आहे? आठवडाभर न पिणं. हा सौदा मला कधीच अवघड वाटला नाही.

आता तुमच्या गोळीपुरतं न थांबता पुढे सांगतो, कारण हाच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून रोज येतो आणि लोक 'अँटिबायोटिक' हे एकच औषध समजतात. तसं ते नाही. पट्टी उलटी करा आणि मागे बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव वाचा. ब्रँडचं नाव मोठं असतं, त्याकडे बघू नका. नावाच्या शेवटी 'निडाझोल' असेल (मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, सेक्निडाझोल, ऑर्निडाझोल) तर दारू बंद. ऑर्निडाझोल ते विकर अडवत नाही असं मानलं जातं, पण ते बहुतेकदा जोडगोळीत येतं आणि रुग्णाला हा फरक लक्षात ठेवायला लावण्यात मला अर्थ दिसत नाही. जंताची अल्बेंडाझोल किंवा बुरशीची फ्लुकोनॅझोल ही या घरातली नव्हेत, शेवट ऐकायला सारखा लागतो एवढंच.

ही निडाझोल मंडळी नागपुरात सगळ्यात जास्त कशी पोटात जातात माहीत आहे? पोळ्याची कर (म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस) असते, किंवा शनिवारची सावजी मटणाची बैठक. तर्री, लवंग-मिरी आणि सोबत क्वार्टर. सकाळी पोट बिघडतं. माणूस कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातो, "भाऊ, जुलाब लागून राहिले, कायतरी द्या" म्हणतो, आणि ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल किंवा नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची पट्टी घेऊन येतो. रात्रीची दारू अजून रक्तात असते आणि वरून ही गोळी. संध्याकाळी 'उतारा' म्हणून आणखी एक पेग. उलट्या वाढल्या की दोष मटणाला.

अशा सकाळी बहुतेकांना अँटिबायोटिक लागतच नाही. तेल, मिरची आणि दारूने पोटाचं आणि आतड्याचं अस्तर चिडलेलं असतं, त्यात मारण्यासारखा जंतू नसतो. ओआरएस, ताक, मऊ भात, आणि एक दिवस धीर. शौचात रक्त असेल, थंडी वाजून ताप असेल, किंवा दोन दिवसांत थांबत नसेल, तर डॉक्टरकडे या. ज्या पट्टीवर उभी लाल रेघ आहे ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, ही खूण त्यासाठीच छापलेली आहे.

जुलाबावरच्या जुन्या औषधांत फ्युराझोलिडोन आहे, त्यावरही दारू वर्ज्य. ॲडमिट असताना लावलं जाणारं सेफोपेराझोन हे इंजेक्शन (आपल्याकडे सल्बॅक्टमसोबत सर्रास वापरलं जातं) हे तर ती प्रतिक्रिया देण्याबद्दल पक्कं ओळखलं गेलेलं आहे, कारण त्याच्या रेणूला जी शेपटी जोडलेली असते तीच ते विकर अडवते. अपेंडिक्सचं किंवा पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन घरी आलात, तर डिस्चार्ज कार्डावर शेवटचं इंजेक्शन कोणतं आणि कधी दिलं ते बघा, तिथून तीन दिवस धरा. गजकर्णाने विदर्भातली घरंच्या घरं हैराण आहेत. त्यावर दिलं जाणारं ग्रिसिओफुल्विन काहींना दारूवर असाच त्रास देतं, आणि ते काही आठवडे घ्यावं लागतं, म्हणून सुरू करतानाच विचारून घ्या.

बाकीच्या बऱ्याच रोजच्या औषधांबद्दल मात्र भीती वाढवून सांगितली जाते. अमॉक्सिसिलिन, सेफिक्सिम, सेफ्युरोक्झिम, अझिथ्रोमायसिन यांचं आणि दारूचं अंगात भांडण होत नाही. एका बिअरने औषध 'उतरत' नाही, त्याची ताकद संपत नाही. अमॉक्सिसिलिनसोबतचं क्लॅव्ह यकृताला क्वचित त्रास देतं, मुख्यतः वयस्क पुरुषांत, म्हणून रोज पिणाऱ्याला मी ते विचार करून देतो. तापात, न्यूमोनियात, एप्रिल-मेच्या ४५ अंशांत अंगातलं पाणी आधीच आटलेलं असताना प्यावं असं कोणताच डॉक्टर म्हणणार नाही, पण तो सल्ला आजारासाठी आहे, त्या गोळीसाठी नव्हे.

डॉक्सिसायक्लिनचं वेगळं आहे. पावसाळ्यात, शेतात-गवतात काम करणाऱ्यांना आपल्याकडे स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप, होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात त्याने जीव घेतले होते. डॉक्सी हे त्यावरचं मुख्य औषध. जो माणूस वर्षानुवर्षं रोज पितो, त्याच्या यकृतातली औषधं फोडणारी यंत्रणा वेगवान झालेली असते, आणि डॉक्सी नेहमीपेक्षा लवकर निघून जातं. म्हणजे ज्या आजारात दोन दिवसांची ढिलाई महागात पडते, तिथे गोळी घेऊनही औषध कमी पडू शकतं. डॉक्टरला पिण्याबद्दल माहीत असेल तर तो मात्रा किंवा औषध बदलतो. दुसरं, ही कॅप्सूल भरपूर पाण्यासोबत आणि बसून घ्यायची असते. घोटभर पाण्यावर गिळून, प्यालेल्या अवस्थेत लगेच आडवं झालं की ती अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे जखम करते. मग छातीत अशी आग होते की माणूस हार्ट अटॅक समजून येतो.

लिनेझोलिड या अँटिबायोटिकवर पबमधली नळाची बिअर आणि रेड वाइन टाळायची, कारण त्यांत टायरामिन नावाचा पदार्थ असतो आणि लिनेझोलिड तो पचवणारं विकर अडवतं. परिणाम ब्लडप्रेशर एकदम वर.

मधुमेहींनो, तुमच्यासाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. ग्लिमेपिराइड किंवा तशीच शुगरची गोळी चालू आहे, लघवीच्या इन्फेक्शनसाठी सिप्रो किंवा लेव्होफ्लॉक्सासिन दिलं, आणि रात्री रिकाम्या पोटी पेग झाले. तिन्ही गोष्टी साखर खाली ओढतात. शेजारी म्हणतात, 'जास्त झाली वाटते, झोपू द्या.' तो झोपलेला नसतो, त्याची साखर उतरून तो बेशुद्ध होत असतो. याच घरातलं गॅटिफ्लॉक्सासिन साखरेशी असा खेळ करतं म्हणून त्याच्या गोळ्या आणि इंजेक्शनं २०११ मध्ये आपल्या देशात बंद झाली. प्यालेला मधुमेही माणूस हलवून नीट उत्तर देत नसेल, तर आधी बोटातून साखर तपासा. यंत्र नसेल आणि त्याला गिळता येत असेल तर साखरपाणी द्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा.

टीबीबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण गोळी आणि दारूच्या या गोंधळात माणसं तिथे दगावतात. सहा महिन्यांच्या उपचारातली आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधं यकृतातून जातात आणि तिन्हींनी कावीळ होऊ शकते. रोजची दारू त्यात भर घालते. खाणीत, हमालीत, बांधकामावर काम करणाऱ्या माझ्या रुग्णांना संध्याकाळची देशी हीच थकव्यावरची गोळी वाटते. त्यांना जर कोणी सांगितलं की 'दारू पीत असशील तर या गोळ्या घेऊ नको, मरशील', तर ते काय करतात? गोळी सोडतात, दारू नाही. महिन्यादोन महिन्यांनी खोकला परत येतो आणि आता जंतू औषधाला दाद देत नाही. मग पुढच्या उपचारात लिनेझोलिड, बेडाक्विलिन, कधी सायक्लोसेरिन येतं, आणि त्यावर दारू म्हणजे यकृत, नसा, आकडी सगळ्यांचाच धोका.

म्हणून टीबीच्या रुग्णाला मी आधी हे सांगतो: गोळी कोणत्याही परिस्थितीत सुटू द्यायची नाही. प्यालास तरी दुसऱ्या दिवशी गोळी घे आणि मला येऊन सांग. दारू कमी कशी करायची, बंद कशी करायची, ते आपण बसून ठरवू, लिव्हरची तपासणी जास्त वेळा करू. घरच्यांना खुणा शिकवतो. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी-लालसर होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण भूक मेली, उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे दिसले, पोटाच्या उजव्या बाजूला वरती दुखायला लागलं, तर त्याच दिवशी गोळ्या थांबवून डॉक्टरला दाखवा. तिथे 'उद्या बघू' नको.

अँटिबायोटिकची पट्टी कधी एकटी येत नाही, हेही विसरू नका. तापाची पॅरासिटामॉल सोबत असते. रोज भरपूर पिणाऱ्याच्या यकृताला नेहमीच्या मात्रेतली पॅरासिटामॉलही जड जाऊ शकते, विशेषतः तो जेवत नसेल तर. दाढेसाठी दिलेली ॲसिक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅक दारूसोबत जठराला सोलून काढते. काळी, डांबरासारखी शौच झाली तर आत रक्तस्राव आहे असं समजा. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन झोप आणतं, दोन पेगसोबत ती दुप्पट होते, आणि मग वर्धा रोडवर रात्री गाडी. रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन चालू असेल, तर मेट्रोनिडाझोल एकट्यानेच त्याचा असर वाढवतं. अशा रुग्णाने दातांच्या डॉक्टरला वॉरफॅरिनचं नाव सांगितल्याशिवाय खुर्चीत बसूच नये.

लपलेली दारूही असते. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, द्राक्षासव यांत आंबवण्याच्या प्रक्रियेतून आपसूक तयार झालेलं अल्कोहोल असतं, साधारण पाच ते दहा टक्के, आणि बाटलीवर ते लिहिलेलं असतं. वीस मिलिलिटरमध्ये ते फार नाही, पण ज्या बाईला बाळंतपणानंतर दशमूलारिष्टही चालू आहे आणि मेट्रोनिडाझोलही, तिला मळमळ सुरू झाली की सगळे गोळीला दोष देतात. तेवढे दिवस आसव-अरिष्ट थांबवावं. काही खोकल्याच्या औषधांत आणि काही माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं. दाढ काढलेल्या प्रश्नकर्त्यांनी आपल्या माउथवॉशचं लेबल आजच वाचावं आणि अल्कोहोल नसलेलं घ्यावं.

'दोन पेग' म्हणजे किती, हेही प्रत्येकाचं निराळं. आपली व्हिस्की ४२.८ टक्क्यांची. ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे दोन मोठे पेग. "डॉक्टर, मी फक्त बिअर घेतो जी," असं सांगणाऱ्याला मी हे गणित करून दाखवतो. १८० ची क्वार्टर म्हणजे ६१ ग्रॅमच्या आसपास. यकृत तासाला सातआठ, फार तर दहा ग्रॅम संपवतं. रात्री अकराला संपवलेली क्वार्टर बहुतेकांच्या अंगातून सकाळी सहालाही पूर्ण गेलेली नसते. मोहाच्या हातभट्टीच्या दारूचं तर मोजमापच नाही, घडीघडीला तीव्रता बदलते.

आता रोज पिणाऱ्यांबद्दल. ज्याला दररोज क्वार्टर किंवा जास्त लागते त्याने मेट्रोनिडाझोलचं नाव ऐकून घरच्या घरी एका दिवसात दारू तोडू नये. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम, बेचैनी. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जण भ्रमात जातात, भिंतीवर किडे दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत. डेंग्यू किंवा न्यूमोनियासाठी वॉर्डात ठेवलेला माणूस तिसऱ्या रात्री सलाइन उपसून पळू लागतो आणि नातेवाईक म्हणतात, 'ताप डोक्यात गेला.' कित्येकदा तो ताप नसतो, तोडलेली दारू असते. आधी सांगितलं तर आम्ही पहिल्या दिवसापासून त्यासाठी औषध देतो, ग्लुकोज लावण्याआधी थायमिन म्हणजे बी-१ देतो, आणि ही रात्र येतच नाही. न सांगितल्यामुळे माणसं दगावतात.

आणि लोक सांगत नाहीत, हे खरं दुखणं आहे. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. तिकडून नागपूरला दाखवायला येणारा रुग्ण, त्यातही सोबत सून किंवा जावई असेल तर, 'कधीच नाही' असंच म्हणतो. बायकांचं तर कोणी विचारतही नाही. डॉक्टरला सांगितलेली गोष्ट पोलिसाकडे जात नाही, शेजाऱ्याकडे जात नाही. सगळ्यांसमोर बोलायचं नसेल तर 'मला दोन मिनिटं एकट्याने बोलायचं आहे' एवढं म्हणा, कोणताही चांगला डॉक्टर बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगेल. किती, कोणती, शेवटची कधी: तीन प्रश्नांची खरी उत्तरं पुरतात.

याच्याच उलट बाजूने होणारा एक प्रकार मला फार अस्वस्थ करतो. कंटाळलेली बायको किंवा आई कुठून तरी 'दारू सोडवणारी पावडर' आणते आणि भाजीत, चहात गुपचूप मिसळते. पुष्कळदा त्यात डायसल्फिरॅम असतं. त्या माऊलीचं दुःख मला कळतं. पण माहीत नसताना तो माणूस प्याला की ब्लडप्रेशर कोसळून जीव जाऊ शकतो. त्यात त्याला कोणी जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल दिलं, तर दारू न पिताही त्याला वेड्यासारखा भ्रम होऊ शकतो. या दोन औषधांत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. डायसल्फिरॅम हे चांगलं औषध आहे, पण ते माणसाच्या संमतीने, हृदय आणि लिव्हर तपासून, मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायचं. घरात अशी पावडर चालू असेल तर आज बंद करा आणि त्याला ते सांगा, कारण बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूवर त्रास होऊ शकतो.

चुकून निडाझोलवर दारू घेतली गेलीच, तर पुढचा पेग तिथेच ठेवा. काही झालं नाही तर घाबरू नका, गोळी वेळेवर घ्या आणि उरलेले दिवस पाळा. चेहरा तापला, उलट्या लागल्या, तर आडवं व्हा, पाय उशीवर वर ठेवा, जमेल तसं पाणी किंवा ओआरएस घोटघोट घ्या. लिंबू, ताक, मीठपाणी पाजून उलटी काढू नका, त्याने प्रतिक्रिया थांबत नाही आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. छातीत दुखलं, श्वास लागला, शुद्ध हरपू लागली किंवा नाडी फार जलद आणि बारीक लागली, तर १०८ ला फोन करा. नागपुरातलं सरकारी मेडिकल किंवा मेयो हॉस्पिटल, नाहीतर जवळचं कोणतंही कॅज्युअल्टी असलेलं हॉस्पिटल चालेल. सोबत गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या न्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा, आणि काय घेतलं, किती घेतलं, ते दारातच सांगा.